दहा किलोमीटर, साठ मिनिटे

धावणे हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लोकशाहीवादी खेळ आहे, हे वाक्य गोव्यात थंडीचे दिवस आले की कानावर पडायला लागते. बॅट नको, मैदान नको, क्लबचे सभासदत्व नको. बूट घाला आणि रस्त्यावर या, रस्त्यावर सगळे सारखे! शर्यतीला बावटा दाखवायला आलेले पुढारी हे म्हणतात, प्रायोजक म्हणतात, आणि धावून आलेली मंडळी पदक गळ्यात घालून फोटो काढताना तर हमखास म्हणतात. मी स्वतः गेली आठ वर्षे धावतो आहे आणि माझ्या घरच्या खुंटीलाही अशी डझनभर पदके लटकली आहेत. त्या अधिकाराने सांगतो, हे वाक्य खोटे आहे. रस्त्यावर सगळे सारखे नसतात. आणि ज्या शर्यतीत ते थोडेफार सारखे असतात, तशा शर्यती आपण हळूहळू संपवत चाललो आहोत.

आधी थोडा हिशेब करू. माझे बूट सहा हजारांचे. सहा-सातशे किलोमीटर झाले की तळवे दबतात, म्हणजे वर्षाला एक जोड ठरलेला. शर्यतीच्या नावनोंदणीचे हजार-दीड हजार. मनगटावर अंतर आणि हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, त्याची किंमत मी घरी अजून सांगितलेली नाही. यात आदल्या रात्रीचे हॉटेल, गाडीचे पेट्रोल आणि नंतरचा भरपेट नाश्ता धरलेला नाही. एवढे सगळे करून मी जे मिळवतो त्याला आमच्या मंडळीत 'पीबी' म्हणतात, म्हणजे पर्सनल बेस्ट, आपलीच आपण गाठलेली सगळ्यांत चांगली वेळ. छंद म्हणून यात वाईट काहीच नाही. माणूस पन्नाशीनंतर व्हिस्कीवर खर्च करतो त्यापेक्षा बुटांवर केलेला बरा. पण याला स्वस्त आणि लोकशाहीवादी म्हणू नका, एवढेच माझे म्हणणे.

रस्त्यावरच्या शर्यतींचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. मुंबईची मोठी मॅरेथॉन फेब्रुवारी २००४ मध्ये पहिल्यांदा धावली आणि तिने सगळे चित्रच बदलून टाकले. धावणे ही दूरदर्शनवर बघायची गोष्ट राहिली नाही, बँकेतला अधिकारी आणि कॉलेजातली प्राध्यापिका दोघेही रस्त्यावर उतरले. साताऱ्याची यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ ची. आमच्या पणजीत २०१९ च्या ऑक्टोबरात आयर्नमॅन ७०.३ आली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणे. मिरामारच्या वाळूत देशभरातून आलेल्या सायकली रांगेने उभ्या होत्या आणि त्यातल्या एकेका सायकलीच्या किमतीत आमच्या गावात स्कूटर येते. शरीराची एवढी परीक्षा घेणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण त्या दिवसांत पहाटे सायकलवर पाव घेऊन निघणारा पोदेर अडथळ्याच्या अलीकडे खोळंबतो आणि पलीकडून दुसऱ्या सायकली सुसाट जातात, तेव्हा रस्ता कोणाचा हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

अशाच एका शर्यतीत (गाव आणि आयोजक सांगत नाही, मुद्दा त्यांचा नाही) मी पाहिलेली गोष्ट. वाटेतल्या वाड्यावरचा पंधरा-सोळा वर्षांचा एक पोर चड्डी-बनियनवर आमच्यात घुसला आणि मजेत धावू लागला. आमच्यातल्या निम्म्यांना त्याने किलोमीटरभरात मागे टाकले. पुढच्या वळणावर स्वयंसेवकाने त्याला दंडाला धरून बाजूला काढले, कारण त्याच्या छातीवर क्रमांक नव्हता. नियम बरोबर आहे. विमा असतो, मोजणी असते, पाण्याच्या बाटल्या मोजून ठेवलेल्या असतात. पण तो रस्ता त्या पोराच्या घरासमोरचा होता, आणि त्या सकाळी त्यावर धावायची परवानगी फक्त आम्हा पाहुण्यांना होती.

आता बालाघाटकडे येतो. बालाघाट म्हटले की मराठी वाचकाला बीडकडची डोंगररांग आठवते. मी म्हणतो ते बालाघाट मध्य प्रदेशातले, वैनगंगेच्या काठचे, गोंदियाहून रेल्वेने तासाभराच्या वाटेवरचे. १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे लचके तोडून हा जिल्हा केला गेला. १९५६ पर्यंत तो नागपूरबरोबर एकाच प्रांतात होता. मग राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. रेषा नकाशावर पडली, सोयरिकी काही तुटल्या नाहीत. वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूला आजही घरात मराठी किंवा पोवारी आणि बाजारात हिंदी चालते. आपण गोवेकरांना घरची एक, शाळेची दुसरी आणि कचेरीची तिसरी भाषा असणे नवे नाही, त्यामुळे मला तिथे परके वाटत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे सासर तिथले. दोन वर्षांआड जाणे होते.

गेल्या खेपेला जानेवारीत गेलो तेव्हा भाऊजींनी सांगितले, रविवारी शर्यत आहे, धावता का? गावातल्या चार व्यापाऱ्यांनी आणि एका निवृत्त शिक्षकाने मिळून भरवलेली दहा किलोमीटरची शर्यत. तिला ते 'मिनी मॅरेथॉन' म्हणत होते. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ती मिनी असू शकत नाही, असे एरवी मी ऐकवले असते. तिथे गप्प बसलो, कारण नावनोंदणी फुकट होती. वहीत नाव, गाव, वय लिहायचे आणि कागदाचा क्रमांक चार टाचण्यांनी सदऱ्याला लावायचा. टीशर्ट नाही, चिप नाही, पदक नाही. पहिल्या पाच मुलांना आणि पहिल्या पाच मुलींना मात्र रोख बक्षीस. पहिले पाच हजारांचे, शेवटचे पाचशेचे.

सकाळी सहाला धुके एवढे होते की चौकातला पुतळा दिसत नव्हता. मुले टेम्पोतून, मोटारसायकलींवर तिघे-तिघे बसून, काही तर पायी आली होती. दोनशेच्या आसपास असतील. माझ्या वयाचे आम्ही फक्त सहा जण, एक डॉक्टर, दोन शिक्षक, एक वकील, एक खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि मी. बाकी सगळी अठरा ते बावीसची पोरे, आणि त्यांतल्या तीस-चाळीस मुली. निम्म्यांच्या पायांत शाळेचे कॅनव्हासचे बूट. काही जण अनवाणी. एकाचेही घड्याळ माझ्यासारखे नव्हते.

वाट भरवेलीच्या बाजूची. भरवेलीला मँगेनीजची खाण आहे, भूमिगत आणि खूप खोल. त्या बाजूला रस्त्याच्या कडेची मातीही काळपट दिसते. दोन्हीकडे धान कापून मोकळी झालेली शेते, बांधांवर दव. पाच किलोमीटरवर एका टेबलाला वळसा घालून परत यायचे. पाणी द्यायला वाटेतल्या घरांतल्या बायका स्टीलचे पेले घेऊन उभ्या होत्या. पेला परत देण्यासाठी थांबावे लागे, त्यात माझे पाच-पाच सेकंद गेले, पण प्लास्टिकचा एक तुकडा मागे राहिला नाही. चहाच्या टपरीवरची मंडळी मोठ्याने आमचे क्रमांक पुकारत होती. ज्यांची मुले धावत होती त्यांना कोण कितवा आहे हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

माझे ध्येय एकच होते, दहा किलोमीटर साठ मिनिटांच्या आत. हे आमच्या हौशी मंडळींचे अगदी ठरलेले ध्येय आहे. किलोमीटरला सहा मिनिटे, न थांबता, दहा वेळा. सांगायला सोपे. गोव्यात मी चार शर्यतींत प्रयत्न करून एकसष्ट ते त्रेसष्टच्या मध्ये अडकलो होतो. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटेही हवेत दमटपणा असतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही, मग हृदयाला धावायचे आणि गार करायचे अशी दोन कामे एकदम करावी लागतात. बालाघाटच्या कोरड्या थंडीत सातव्या किलोमीटरलाही छाती हलकी होती. नववा संपता संपता मात्र पाय जड झाले. तेवढ्यात समोरून एक मुलगा उलट्या दिशेने धावत आला. त्याची शर्यत केव्हाच संपली होती, मागे राहिलेल्या बहिणीला घ्यायला तो निघाला होता. मला पाहून तो वळला आणि काही न बोलता माझ्या पुढे दोन पावले धावू लागला. त्याच्या टाचांकडे बघत मी शेवटचा किलोमीटर काढला. शेवटच्या रेषेवर निवृत्त शिक्षक स्टॉपवॉच घेऊन उभे होते. एकोणसाठ मिनिटे बारा सेकंद.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. चोपन्नाव्या वर्षी माणसाला असे निखळ, कोणाचे काही न हिरावता मिळणारे यश फार क्वचित लाभते. पोह्यांच्या रांगेत तो मुलगा भेटला. मुलांत तिसरा आला होता, सदतीस मिनिटांत. त्याने विचारले, "काका, किती टाइम आला तुमचा?" मी अभिमानाने सांगितले. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "पास. झारखंडच्या भर्तीत पास झाले असते तुम्ही."

त्याने गंमत केली नव्हती. भरतीच्या मागे असलेल्या या मुलांना सगळ्या राज्यांच्या, सगळ्या दलांच्या अटी तोंडपाठ असतात, आपल्याला क्रिकेटच्या धावसंख्या असतात तशा. तो म्हणत होता ती झारखंडची उत्पादन शुल्क खात्याची शिपाई भरती. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिची शारीरिक चाचणी झाली. पुरुषांना अट होती साठ मिनिटांत दहा किलोमीटर. बायकांना चाळीस मिनिटांत पाच. शिपायाच्या काहीशे जागा आणि लाखांच्या घरात उमेदवार. ऐन पावसाळी उकाड्यात, रात्रभर प्रवास करून, रांगा लावून आलेली मुले धावली आणि त्यांतली दहाहून जास्त मेली. मुख्यमंत्र्यांनी चाचणी काही दिवस थांबवली, चौकशीचे आदेश निघाले, आणि पुढे ही दहा किलोमीटरची अट बदलण्यात आली. गेलेली मुले अर्थातच परत आली नाहीत.

दहा किलोमीटर, साठ मिनिटे. आकडे तेच आहेत, एकही मिनिट इकडे-तिकडे नाही. माझ्यासाठी तो वाढदिवसाला स्वतःला दिलेला आहेर. त्यांच्यासाठी ती पगाराच्या नोकरीची एकमेव फट. मी त्यासाठी आठ महिने तयारी केली, डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतले, कोणत्या दिवशी किती धावायचे याचा तक्ता भिंतीला लावला. आणि एकसष्ट मिनिटे लागली असती तर पुढच्या महिन्यात पुन्हा धावलो असतो. त्यांना एकसष्टावे मिनिट म्हणजे नापास, पुन्हा जाहिरात निघेल तेव्हा, आणि तोवर वयाची अट ओलांडली नसेल तर. ज्याला थांबायची मुभा आहे त्याच्या आणि ज्याला ती नाही त्याच्या धावण्याला एकच शब्द वापरून वर 'रस्त्यावर सगळे सारखे' म्हणायचे, याला मी लबाडी म्हणतो.

आणि झारखंड हा काही अपवाद नाही. गोंदिया, भंडारा, बालाघाट, बीड, जालना, कुठल्याही जिल्ह्याच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा. झुंडीने धावणारी पोरे दिसतील. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले की धावण्याचे पूर्ण साठ गुण मिळतात. हे साडेपाच मिनिटांचे ध्येय जेवढ्या पोरांनी उराशी धरले आहे तेवढे या देशातल्या सगळ्या मॅरेथॉन मिळून धावणारे नसतील असे मला वाटते. योजना २०२२ साली आली तेव्हाच सांगितले गेले की नोकरी चार वर्षांची आणि त्यातल्या चौथाईपर्यंत लोकांना पुढे ठेवणार. तरी पोरे धावताहेत. कारण दुसरे काही नाही. या धावण्याला आपण खेळ म्हणत नाही, मासिकांत त्याच्यावर लेख येत नाहीत, त्यांच्यासाठी कोणी पाण्याचे टेबल लावत नाही. उलट रस्त्यावर गाडीच्या आड येतात म्हणून हॉर्न वाजवतो.

इथे आमच्या आयोजक मित्रांचा एक ठरलेला आक्षेप येतो. ते म्हणतात, "रोख बक्षीस ठेवले की हीच भरतीवाली आणि बक्षिसामागे गावोगाव फिरणारी पोरे येतात, सगळी बक्षिसे घेऊन जातात, आणि हौशी माणसाचा विरस होतो. म्हणून आम्ही बक्षीस बंद केले आणि सर्वांना पदक ठेवले." हे मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले आहे. याला उत्तर इतिहासाने केव्हाच दिले आहे.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन धावले ते बेळगावचे फडेप्पा चौगुले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटांत काढले आणि एकोणिसावे आले. त्यांना कोणी शोधले? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत हे त्यांच्या लक्षात आले. भारताची ऑलिंपिकची वाट तिथून सुरू झाली. जिमखाना सुशिक्षित शहरी मंडळींचा होता, पण त्या दिवशी मैदानाचे फाटक शेतकऱ्याच्या पोराला उघडे होते, म्हणून हे घडले. त्याच्याकडे नावनोंदणीचे पैसे मागितले असते तर चौगुले बेळगावातच राहिले असते.

पुढची नावे घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत येत ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरीत धावून दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई. आणि त्या दुसऱ्या बालाघाटच्या, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे. शाळेला सहा किलोमीटर चालत-धावत जाणारा पोर बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, म्हणजे हाच तो 'भरतीवाला', आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे रौप्य घेतले. बक्षिसामागे फिरणारी पोरे म्हणून ज्यांना हिणवता, त्यांच्यातूनच ही माणसे येतात. हौशी माणसाचा विरस होतो तो होऊ द्या. मला बालाघाटला सत्तावीस मिनिटांच्या आसपास असताना समोरून परत येणारी पोरे दिसली, माझा काही विरस झाला नाही. उलट वेगाने धावणे म्हणजे काय असते हे चार हातांवरून पाहायला मिळाले. ज्याला आपल्याहून सरस माणूस समोर नको असतो त्याने घरातल्या यंत्रावर धावावे.

दुसरा आक्षेप जरा सभ्य आहे. मोठ्या शर्यतींतून सामाजिक कामांना निधी मिळतो, गरिबांचे भलेच होते, असा. मिळतो, आणि चांगल्या कामांना मिळतो, हे मी नाकारत नाही. पण बारामतीच्या लताबाई भगवान करे यांची गोष्ट आठवा. साठी ओलांडलेली, मोलमजुरी करणारी बाई. नवऱ्याच्या तपासणीला, एमआरआयला, पैसे नव्हते. गावात शर्यत आहे आणि ज्येष्ठांच्या गटात पाच हजारांचे बक्षीस आहे असे कळले. नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावली आणि पहिली आली. सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. २०२० साली त्यावर चित्रपट निघाला, लताबाईंनी स्वतःच आपली भूमिका केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. आमच्या धावण्याच्या गटांत तिचा फोटो दर सहा महिन्यांनी फिरतो, खाली लिहिलेले असते, 'इच्छा असेल तर सर्व काही शक्य आहे'.

काय शक्य आहे? एका आजारी माणसाची तपासणी त्याच्या बायकोने सगळ्यांच्या पुढे धावून दाखवल्यावर होते, हे शक्य आहे! त्याच शर्यतीत दुसरी आलेली बाईही म्हातारीच होती, तिच्या घरी काय अडचण होती हे कोणी विचारले नाही. लताबाईंच्या जिद्दीला माझा दंडवत आहे. पण त्या धावण्यातून प्रेरणा घेऊन मी माझी वेळ अर्ध्या मिनिटाने सुधारायची, यात काहीतरी विकृत आहे. त्यातून घ्यायचा तो राग, आणि तो राग घेऊन जायचे ते सरकारी इस्पितळाच्या दारात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. बारामतीच्या आयोजकांनी ज्येष्ठांच्या गटालाही रोख बक्षीस ठेवले होते म्हणून त्या बाईची निदान तेवढी सोय झाली. पदक ठेवले असते तर काय झाले असते? पदक दाखवून एमआरआय होत नाही.

मग शर्यती बंद करा असे माझे म्हणणे आहे का? अजिबात नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. गावची रस्त्यावरची शर्यत ही आज जवळजवळ एकमेव जागा उरली आहे जिथे माझ्यासारखा तक्ता लावून धावणारा माणूस आणि तो सदतीस मिनिटांचा पोर एका रेषेवर उभे राहतात. त्या पोराकडे पाय आहेत, माझ्याकडे माहिती आहे. झारखंडात मुले मेली ती पाय कमकुवत होते म्हणून नव्हे. दमट उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. रात्रभर जागून, उपाशीपोटी, उन्हात रांग लावून एकदम दहा किलोमीटर धावू नये. धावताना बोलणे बरळायला लागले, पाय लटपटले तर तो दम लागलेला नसतो, उष्माघात असतो, आणि इस्पितळाची गाडी येईपर्यंत त्या माणसाला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहायचे असते. हे आम्हा हौशी मंडळींना पाठ असते, कारण आम्ही त्यासाठी पैसे मोजलेले असतात. ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला व्हॉट्सॲपवरून मिळतात ती ताकदीच्या पावडरींची नावे.

बालाघाटला पोहे खाता खाता त्या डॉक्टरांच्या भोवती पंधरा-वीस पोरे जमली आणि अर्धा तास प्रश्न विचारत राहिली. शर्यतीच्या आदल्या दिवशी काय खायचे, नडगी दुखते तर काय करायचे, रोज पूर्ण जोराने धावायचे की नाही. डॉक्टर सांगत होते की आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश, गप्पा मारता येतील अशा गतीने धावा, जोराचे धावणे एक-दोन दिवसच. पोरांचा त्यावर विश्वास बसत नव्हता, ती तर रोज जीव तोडून धावत होती. एका मुलीने विचारले, पाळीच्या दिवसांत धावले तर चालते का, आणि डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर, जराही न संकोचता नीट उत्तर दिले. माझ्या एकोणसाठ मिनिटांपेक्षा हा अर्धा तास मोलाचा होता. पाच हजारांच्या बक्षिसाने ही पोरे गोळा केली आणि फुकट नावनोंदणीने आम्हाला त्यांच्यात नेऊन बसवले. गोव्यातल्या माझ्या डझनभर पदकांपैकी एकाही शर्यतीत हे घडले नाही. तिथे आम्ही एकमेकांच्या घड्याळांची चौकशी करतो.

म्हणून आमच्या गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्याही आयोजकांना चार गोष्टी मागतो. ज्या गावातून, ज्या वाड्यावरून शर्यत जाते तिथल्या माणसांना प्रवेश फुकट द्या, हजारातल्या शंभर जागा तरी त्यांच्या ठेवा. दुसरे, पदकांचा आणि टीशर्टांचा खर्च निम्मा करा आणि तो पैसा रोख बक्षिसांत घाला, मुलींना मुलांइतकाच आणि ज्येष्ठांनाही. तिसरे, शर्यतीच्या आधीचे दोन महिने आठवड्यातून एक पहाट आपल्या गटातल्या डॉक्टरांना, जाणत्यांना घेऊन भरतीवाल्या पोरांबरोबर त्यांच्याच रस्त्यावर धावा. आणि चौथे, वाटेतल्या बायकांना, टपरीवाल्याला, पोदेराला विचारून रस्ता घ्या. तो त्यांचा आहे, आपण सकाळपुरता उसना मागतो आहोत.

यातले काहीही महाग नाही. बालाघाटच्या चार व्यापाऱ्यांना आणि एका निवृत्त शिक्षकाला परवडले ते पणजीतल्या प्रायोजकांना परवडणार नाही असे कोणी म्हणू नये. आणि हे करायचे नसेल, तर निदान येत्या हिवाळ्यात बावटा दाखवताना ते 'रस्त्यावर सगळे सारखे' हे वाक्य तरी वगळा. फी भरलेल्या माणसांची सकाळची सहल आहे असे खुशाल सांगा. मीही फी भरून येईन, आणि तुमच्या टेबलावरचे पाणीही पिईन. पण त्या शर्यतीला गावाची शर्यत म्हणणार नाही.